दोन पानांचा फोटो, फाइल २१० केबीची

पार्श्वभूमी

एका स्वयंसेवी संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरली. ए४ आकार, ९६ पानं, पूर्ण रंगीत. संस्थेकडे छायाचित्रकार असा कधीच नव्हता. ज्या वेळी ज्याच्या हातात कॅमेरा असेल त्याने फोटो काढायचा, एवढीच पद्धत. अलीकडची पंधरा वर्षं तर सगळं मोबाइलवरच.

संपादनाचं काम एका निवृत्त शिक्षिकेकडे होतं. संस्थेत त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. मांडणी करणारा मुलगा हुशार होता, पण पुस्तकाचं काम त्याच्यासाठी नवं. मला बोलावणं आलं ते फाइल छपाईला जायला चोवीस दिवस उरले असताना. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे घेत नाही.

बाईंनी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर आवाहन केलं होतं : "आपल्याकडचे चांगले फोटो पाठवा." तीन आठवड्यांत १८६ फोटो जमले. बाईंनी ते वर्षवार लावले, प्रत्येकाची फोटोओळ लिहिली, माणसांची नावं दोन-दोनदा पडताळली. एवढी नीट तयारी मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. गडबड फक्त फाइलींत होती, आणि ती कुणाच्या नजरेत येण्यासारखी नव्हती.

अडचण कुठे दिसली

स्मरणिकेच्या मधल्या दोन समोरासमोरच्या पानांवर वार्षिक मेळाव्याचा समूह-फोटो द्यायचा होता. चार रांगा, ११२ माणसं. मांडणीत तो बसवला, संगणकाच्या पडद्यावर दोन्ही पानं एकदम पाहिली, सगळ्यांना आवडला. छापखान्याने नमुना-प्रत काढली आणि तिथून फोन आला : "फोटो फाटतोय. ओरिजिनल पाठवा." फाटतोय म्हणजे मोठा छापल्यावर चित्र फुटून ठिपके-चौकोन दिसतात. मांडणीकाराने तीच फाइल पुन्हा पाठवली. त्याच्या लेखी तीच ओरिजिनल होती. त्याच्याकडे दुसरी होतीच कुठे?

मी फाइल उघडली. १६०० बाय १२०० पिक्सेल (चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते), २१० केबी. नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही दोन अक्षरं आणि पुढे एक क्रमांक. फाइलच्या तपशिलात कॅमेऱ्याचं नाव नाही, फोटो काढल्याची वेळ नाही. व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोची ही लक्षणं, म्हणजे ही मूळ फाइल नव्हे. निदानाला एवढं पुरेसं होतं, तरी बाईंना शेजारी बसवून फोटो चौपट मोठा करून दाखवला. दुसऱ्या रांगेतल्या चष्मेवाल्या गृहस्थांचा अख्खा चेहरा जेमतेम पंचवीस पिक्सेल रुंद. चष्म्याची दांडी कुठे संपते आणि कान कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. मागच्या फलकावरच्या अक्षरांभोवती माश्या घोंगावल्यासारखे ठिपके. आकाशाकडे पाहिलं तर फरशी बसवल्यासारखे चौकोन.

मग साधा हिशेब मांडला. दोन पानांची रुंदी ४२ सेंटीमीटर, म्हणजे साडेसोळा इंच. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे साधारण ४,९६० पिक्सेल हवेत. आपल्याकडे १६००. इंचाला शंभरसुद्धा भरत नाहीत.

बाईंचा प्रश्न सरळ होता : "मोबाइलवर तर एवढा स्वच्छ दिसतो!" दिसणारच. मोबाइलचा पडदा सात-आठ सेंटीमीटर रुंद. तिथे १६०० पिक्सेल म्हणजे चैन.

फोटोचं बिघडतं काय

हे त्या दिवशी तिघांना समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही थोडं थांबतो.

मोबाइलवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो बहुधा ४०३२ बाय ३०२४ असतो. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर ३६ एमबीच्या वर जातो. प्रत्यक्षात फाइल तीन-चार एमबीची असते, कारण कॅमेऱ्यानेच ती जेपेग पद्धतीने दाबलेली असते. हे १९९२ सालचं प्रमाण. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक चढउतार राखायचे आणि डोळ्याला सहसा जाणवत नाहीत ते बारीक चढउतार ढोबळ करून टाकायचे. यामागचं गणित अभियंते नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं. रंगाची माहिती बऱ्याचदा आणखी विरळ केली जाते, कारण डोळा उजेडातला फरक जितका टिपतो तितका रंगातला टिपत नाही. दाब हलका असला तर काही कळत नाही. वाढला की ते चौकोन उघडे पडतात. आकाशातली फरशी ती हीच.

चॅट ॲपमधून फोटो नेहमीसारखा पाठवला की दोन गोष्टी होतात. पिक्सेल कमी होतात आणि उरलेल्यांवर दाब वाढतो. दाबाचे डाग थोडेफार पुसता येतात. गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. ४०३२ चे १६०० झाले की क्षेत्रफळाने चित्राचा सहावा हिस्साच हाती राहतो.

एक गैरसमज मात्र लगेच काढून टाकावा लागला. मांडणीकाराला वाटत होतं, फाइल सारखी उघडल्याने किंवा या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये नेल्याने झिजते. तसं काही नाही. नक्कल शंभर वेळा करा, बाइट न् बाइट तीच राहते. झीज होते ती फोटो बदलून पुन्हा जेपेगमध्ये साठवताना, किंवा एखादं ॲप परस्पर तसं करतं तेव्हा.

पहिला निर्णय : सगळे फोटो परत मागवायचे का?

१८६ पैकी १३१ फोटोंच्या नावात ती दोन अक्षरं होती. १९ जुन्या छापील फोटोंचे स्कॅन, ३६ कॅमेऱ्यातून थेट आलेले. बाईंचं म्हणणं, १३१ सगळे परत मागवू. दिवस चोवीस, आणि एकच माणूस पाच-पाच फोटोंसाठी तीनदा फोन घेणार नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं.

म्हणून फोटोचा दर्जा बाजूला ठेवून आधी त्याची पानावरची जागा पाहिली. १६०० पिक्सेल ३०० ने भागले की सव्वापाच इंच, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर येतात. स्मरणिकेचं पान दोन स्तंभांचं, एक स्तंभ साडेआठ सेंटीमीटर रुंद. एका स्तंभात बसणारा फोटो १६०० पिक्सेलचा असला तरी निभतो. दाबाचे डागही त्या आकाराला फारसे दिसत नाहीत. असे ८८ निघाले. मागे लागायचे उरले ४३, आणि ते सतरा जणांकडचे. बाईंना हे पटलं, पण मनापासून नाही. त्यांना ते सगळे मूळ फोटो संस्थेच्या संग्रहासाठीही हवे होते. पुढे त्यांचंच बरोबर ठरलं, त्याबद्दल शेवटी.

तोललेले पर्याय

एआयने फोटो मोठा करून देणारी साधनं मांडणीकाराने आधीच उतरवून ठेवली होती. नाकारण्याआधी करून पाहिलं. समूह-फोटो चौपट मोठा झाला, लांबून झकास दिसला. जवळ गेल्यावर कळलं की चष्मेवाल्या गृहस्थांचा चष्मा गेलाय आणि त्या जागी दाट भुवया आल्या आहेत. फलकावरची अक्षरं अक्षरांसारखी दिसत होती, पण वाचता येत नव्हती. असं साधन चेहरा परत आणत नाही, पटेल असा नवा काढतं. डोंगर, झाडी, इमारत असती तर मी कदाचित डोळेझाक केली असती. ज्यात लोक स्वतःला शोधणार आहेत त्या फोटोत नाही.

दुसरा पर्याय, सगळेच फोटो लहान छापायचे. बिनधोक, पण ९६ पानांत एकही मोठं चित्र नाही म्हणजे स्मरणिका कमी आणि अहवाल जास्त. तिसरा, मूळ फोटो गाठायचे. तोच धरला, आणि जिथे गाठता येणार नाही तिथे लहान छापायचं ठरवलं.

कशातून मागवायचे यावर फारशी चर्चा झाली नाही. ईमेलला जोडपत्राची मर्यादा असते. जीमेलला ती २५ एमबी, म्हणजे पाच-सहा फोटोंत संपते. ड्राइव्हवर फोल्डर करून दुवा देणं सगळ्यात स्वच्छ, पण सतरापैकी निम्म्यांना ते जमणार नव्हतं. व्हॉट्सॲपवरच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर फाइल जशीच्या तशी जाते, आणि २०२२ पासून तिथे २ जीबीपर्यंतची फाइल चालते. ऑगस्ट २०२३ पासून 'एचडी' अशीही सोय आहे. तिच्यात पिक्सेल जास्त राहतात, पण फाइल पुन्हा दाबली जातेच. म्हणून एचडी नको, डॉक्युमेंट, असं ठरलं. लोकांच्या हाताला जे वळण आहे त्याच वाटेने जाऊ, हा विचार.

काय केलं, आणि पहिल्यांदा कुठे चुकलं

मी सूचना लिहिली. नीट, सविस्तर, चित्रांसकट. दोन दिवसांत वीस फोटो डॉक्युमेंट म्हणून आले आणि मी खूश झालो. उघडले तर त्यातले चौदा पुन्हा १६०० पिक्सेलचेच.

झालं असं की लोकांनी सूचना तंतोतंत पाळली होती. गटावर आलेला फोटो फोनमध्ये साठलेला होता, तोच उचलून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. डॉक्युमेंटची वाट फाइलला धक्का लावत नाही, पण आधीच लागलेला धक्का काढूनही टाकत नाही. 'ओरिजिनल पाठवा' या शब्दांचा त्यांच्या लेखी अर्थ एवढाच होता : माझ्याकडे आहे तो.

चूक माझी होती. 'चांगला' हे बाईंचं विशेषण मी काढलं आणि त्या जागी 'ओरिजिनल' हे दुसरं विशेषण घातलं. त्यानंतर मागणीच बदलली. प्रत्येक फोटोसाठी आधी एकच प्रश्न : हा फोटो काढला कुणी? उत्तर मिळालं की फक्त त्याच माणसाला फोन. फोनवर दुसरा प्रश्न : गॅलरीत फोटो उघडा, तपशील पाहा, आकार किती दिसतो? 'दोनशे तीस केबी' म्हटलं की पुढे शोधायचं. 'तीन पॉइंट आठ एमबी' म्हटलं की तोच पाठवायचा, आणि इकडे पोचलेल्या फाइलचा आकडा तेवढाच आहे ना हे बघायचं. आकडा विचारायला लागल्यापासून काम सुटसुटीत झालं. ज्यांना मेगापिक्सेल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तेही आकडा बिनचूक वाचून दाखवत होते.

तरी गमती झाल्याच. एका काकांनी फोटो पडद्यावर उघडून त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या बॅटरीची टक्केवारी. एकाने फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून दिले, 'म्हणजे हरवणार नाहीत.' वर्ड फाइल साठवताना चित्रं लहान करू शकतं, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एका ताईंनी छापील फोटोचा मोबाइलने फोटो काढला. मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. तो अल्बम मागवून घेतला आणि इंचाला ६०० ने स्कॅन केला. चार बाय सहा इंची फोटोचे त्यामुळे २४०० बाय ३६०० पिक्सेल हाती आले, पानभर छापायला पुरले.

सगळ्यात जिव्हारी लागला तो प्रकार आमच्याच टेबलावर घडला. आयफोनवरून हेइक फाइली आल्या. २०१७ पासून आयफोन फोटो त्या स्वरूपात साठवतो. मांडणीकाराच्या जुन्या संगणकावर त्या उघडेनात. त्याने त्या स्वतःच्या फोनवर घेतल्या, चॅटमधून स्वतःलाच पाठवल्या आणि आलेले जेपेग वापरले. पाच मूळ फोटो मिळवायला मी तीन दिवस घालवले होते, त्याने ते पाच मिनिटांत १६०० वर आणले. हेइक फाइली अजून होत्या म्हणून वाचलो. त्या रूपांतराच्या साधनाने, गुणवत्तेची पट्टी ९५ वर ठेवून, जेपेग करून घेतल्या. त्याच दिवशी 'मूळ : हात लावू नये' या नावाचं फोल्डर केलं आणि काम फक्त नकलांवर करायचं ठरलं. हे फोल्डर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

समूह-फोटोचं काय झालं

तो फोटो संस्थेच्या माजी खजिनदारांनी काढला होता. त्यांनी मधल्या काळात फोन बदलला होता. जुन्या फोनमध्ये जागा कमी पडली तेव्हा 'गटावर आहेच की' म्हणून मूळ फोटो काढून टाकले होते. चॅट ॲपच्या पाठवलेल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये प्रत सापडली, पण ती पाठवलेलीच, म्हणजे १६०० चीच. क्लाउडवरची नक्कल नव्हती.

शोधता शोधता दुसरा फोटो हाती लागला. एका कार्यकर्तीने तीच ११२ माणसं तीन पावलं डावीकडून, बहुधा क्षणभराच्या अंतराने टिपली होती. ४०३२ पिक्सेल, मूळ फाइल, फलकावरचं प्रत्येक अक्षर स्पष्ट. दोन पानांवर इंचाला २४० पिक्सेलच्या आसपास बसत होती, छापखानाही तयार होता. फक्त तिसऱ्या रांगेतले तिघे पुढच्यांच्या डोक्यामागे गेले होते.

मांडणीकाराचं मत ठाम होतं : स्वच्छ फोटो घ्या, दोन्ही पानं भरून टाका. माझंही मन तिकडेच होतं, खोटं कशाला बोलू. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तिघांची नावं घेतली आणि म्हणाल्या, "स्मरणिका हातात आली की माणूस आधी स्वतःला शोधतो. यांनी काय शोधायचं?"

अंधूक फोटो निवडला. दोन पानांवरून एका पानावर आणला, १७ सेंटीमीटर रुंदीला. म्हणजे इंचाला २४० च्या थोडं खालीच. वरचं आकाश कापून फरशी घालवली. खाली रांगेनुसार ११२ नावं दिली. सुटलेल्या समोरच्या पानावर त्याच मेळाव्याचे चार लहान फोटो बसवले.

निष्पत्ती

४३ पैकी २९ फोटोंची मूळ फाइल मिळाली. सहा लहान करून छापले, समूह-फोटो त्यांतलाच. पाच गाळले. तीन तसेच मोठे गेले, कारण त्या प्रसंगाचं दुसरं चित्रच नव्हतं. ते आजही खटकतात. छपाई चार दिवस लांबली.

पुढचं काम होतं स्मरणिकेतले फोटो संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर टाकण्याचं. इथे मूळ फाइल चढवणं उलटं पडतं, कारण मग किती लहान करायचं आणि किती दाबायचं हे समोरचं यंत्र ठरवतं. आम्ही वेगळ्या नकला केल्या. फेसबुकसाठी २०४८ पिक्सेल रुंद, इन्स्टाग्रामसाठी १०८०, लहान केल्यावर हलकं शार्पनिंग, म्हणजे कडा थोड्या ठळक करणं. एका हौशी छायाचित्रकाराचे फोटो इथे फिकट, मातकट दिसायला लागले. त्यांचा कॅमेरा ॲडोबी आरजीबी या रंग नोंदवण्याच्या पद्धतीवर लावलेला होता आणि नकला करताना फाइलमधली त्या पद्धतीची खूण गळून पडली होती. संकेतस्थळांवर सर्रास चालणाऱ्या एसआरजीबी पद्धतीत रूपांतर करून पुन्हा नकला काढल्यावर रंग जागेवर आले.

एका बाबतीत मात्र थोडक्यात बचावलो. डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फाइलीत फोटो काढल्याची जागासुद्धा शाबूत असते. एका बैठकीचा फोटो एका कार्यकर्तीच्या घरी काढलेला होता आणि तिच्या घराचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये तसेच होते. संकेतस्थळावरच्या सगळ्या नकलांमधून ती माहिती काढली. संग्रहातल्या मूळ फाइलीत ठेवली, कारण फोटो कुठे आणि केव्हा काढला याची नोंद सहसा दुसरीकडे नसते.

पुन्हा करायचं झालं तर

स्तंभात बसणारे ८८ फोटो सोडून देणं छपाईपुरतं योग्यच होतं. पण संग्रहासाठी निदान हे फोटो कुणी काढले एवढी नोंद तेव्हाच करायला हवी होती. दोन महिन्यांनी बाईंनी ते काम हाती घेतलं तोवर आणखी दोघांनी फोन बदलले होते. माझी पहिली लांबलचक सूचना सतरा जणांना एकदम पाठवण्याऐवजी आधी एकाला पाठवून पाहिली असती, तर डॉक्युमेंटचा घोळ एका फोटोवर उघडकीला आला असता. नमुना-प्रतही फार उशिरा काढली गेली. पहिले दहा फोटो आले तेव्हाच एक पान छापून पाहायला हवं होतं.

संस्थेत आता कार्यक्रम संपल्याच्या रात्री गटावर बाईंचा हा निरोप जातो :

"आज फोटो कोणी कोणी काढले? फक्त त्यांनीच हात वर करा. गटावर आलेले फोटो पुढे पाठवू नका. गॅलरीत फोटो उघडून आकार बघा. एक एमबीपेक्षा कमी असेल तर पाठवण्याआधी मला फोन करा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा. मी 'मिळाला, आकार जुळला' असं लिहीपर्यंत तुमच्या फोनमधला फोटो काढून टाकू नका."